बेचाळीसचा आटा

जुनी लेन्स हातात आली की बहुतेक जण आधी पुढच्या काचेभोवती कोरलेलं नाव वाचतात. मी ती उलटी करतो. ती कोणत्या कॅमेऱ्यासाठी बनली आणि पुष्कळदा कोणत्या युद्धातून, कोणत्या करारातून आपल्या हातात आली, हे मागच्या धातूच्या कड्यावरून कळतं. त्या कड्याला माउंट म्हणतात.

माउंट ढोबळमानाने दोन जातींचे. एक बायोनेट, म्हणजे आपल्या घरातल्या पिनवाल्या बल्बच्या होल्डरसारखा: आत घाला, थोडं फिरवा, अडकला. दुसरा आट्यांचा, बरणीच्या झाकणासारखा. (आटा म्हणजे इथे पीठ नव्हे, स्क्रूचा आटा.) बायोनेट ओळखणं सोपं असतं, कारण जवळपास प्रत्येक कंपनीचे कान वेगळ्या आकाराचे असतात. आट्यांचं तसं नाही. दोन लेन्स बाहेरून सारख्या दिसतात, एकाच कड्यात दोन फेरे बसतातही, आणि तरी त्यांचा एकमेकींशी काही संबंध नसतो.

म्हणून व्हर्नियर लागतो. पहिलं माप व्यासाचं. दुसरं पिचचं, म्हणजे एका आट्यापासून पुढच्या आट्यापर्यंतचं अंतर. त्यासाठी दातेरी पात्यांचा पिच गेज मिळतो. तिसरं माप सगळ्यांत महत्त्वाचं आणि ते लेन्सवर कुठेच लिहिलेलं नसतं: माउंटच्या सपाट कडेपासून फिल्मपर्यंतचं अंतर. याला फ्लँज डिस्टन्स म्हणतात, मी नुसतं ‘अंतर’ म्हणेन. लेन्स अनंतावर, म्हणजे लांबच्या डोंगरावर, फोकस करायची तर फिल्म किंवा सेन्सर तिच्या मागे बरोबर या अंतरावर असावा लागतो. बरोबर म्हणजे किती? एफ/२ची लेन्स पूर्ण उघडी असेल तर सूट साधारण ०.०६ मिलिमीटरची, म्हणजे एका केसाच्या जाडीएवढी.

आता हे सगळं गंगापूर रोडला कशासाठी, ते सांगतो. आमच्या सोसायटीत ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका राहतात. मी दिवसभर कॉम्प्युटरसमोर कोड लिहितो आणि सुट्टीच्या दिवशी जुने कॅमेरे उघडून बसतो, हे त्यांना लिफ्टमध्ये कळलं. एका रविवारी ते बुटांचा खोका घेऊन आले. आत सहा लेन्स, कॅमेरा एकही नाही. त्यांची नात पुण्यात शिकते, तिच्याकडे सोनीचा मिररलेस कॅमेरा आहे. ‘‘अरे, यातलं काय तिच्या कॅमेऱ्याला लागेल ते काढ,’’ ते म्हणाले, ‘‘बाकीचं भंगारात देऊ. हिच्यामागे आता कोण आवरणार?’’ काकू गेल्याला तेव्हा चार महिने झाले होते. घर आवरणं चाललं होतं.

सहापैकी तीन लेन्सचा व्यास निघाला ४२ मिलिमीटर, पिच १ मिलिमीटर. नाशिकमध्ये कोणाच्या माळ्यावर परदेशी लेन्स सापडली तर ती याच मापाची असण्याची शक्यता सगळ्यांत जास्त, असा माझा अनुभव आहे. असं का, याचं उत्तर शोधायला जरा मागे जावं लागतं.

सुरुवातीला माउंट हा प्रश्नच नव्हता. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या काळातले नामांकित छायाचित्रकार. तेव्हाचे कॅमेरे लाकडी. लेन्स पितळी नळीत बसवलेली, नळी एका लाकडी फळीवर स्क्रूने घट्ट केलेली, आणि मध्ये भाता. दुसरी लेन्स लावायची तर सुताराकडून दुसऱ्या फळीला भोक पाडून घ्यायचं. अंतराची चिंता नाही, कारण भाता मागेपुढे सरकवून काळ्या फडक्याखाली दुधी काचेवर डोळ्याने फोकस करायचं. कुठलीही लेन्स कुठल्याही कॅमेऱ्याला लागायची. माउंटचं भांडण सुरू झालं ते कॅमेरा लहान, धातूचा आणि बंद झाल्यावर.

सिनेमाचा कॅमेरा असा बंद पेटी होता, आणि इथे महाराष्ट्राची दोन उदाहरणं शेजारीशेजारी ठेवण्यासारखी आहेत. आमच्या त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनला गेले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा विकत घेऊन आले. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये मुंबईत दाखवला गेला, त्यानंतर ते नाशिकला आले आणि पुढचे चित्रपट इथे काढले. लेन्स आणि फिल्म यांच्यातलं अंतर सांभाळण्याचं काम विल्यमसनच्या कारखान्यात आधीच झालेलं होतं.

कोल्हापूरला तसं नव्हतं. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या भावांनी नाटकांचे पडदे रंगवता रंगवता सिनेमाचा ध्यास घेतला आणि स्वतः कॅमेरा जुळवायला घेतला. आनंदराव १९१६ मध्ये वारले. बाबूराव आणि त्यांचे शिष्य विष्णुपंत दामले यांनी काम चालू ठेवलं आणि १९१८ मध्ये चालणारा कॅमेरा तयार झाला. पुढे १९२० मध्ये ‘सैरंध्री’ आला. बाबूरावांचं मूळ आडनाव मिस्त्री, घराणं कारागिरांचं. कोल्हापुरात खरी कॉर्नरला त्या कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे. लोक त्याला वळसा घालून जातात. मला त्या गोष्टीत सगळ्यांत कठीण वाटते ती जागा अशी: फिल्म दर क्षणी थांबून पुढे सरकणार, लेन्स पुढे घट्ट बसणार, आणि दोन्हींमधलं अंतर केसभरही हलता कामा नये. ते अंतर सांगणारं पुस्तक नाही, कोष्टक नाही. घासून, तपासून, पुन्हा घासूनच ते साधावं लागतं. पुढे ‘प्रभात’च्या संस्थापकांमध्ये दामले होते आणि तिथल्या ध्वनीची जबाबदारीही त्यांनी घेतली. त्यांच्या हाताचं वळण या घासण्यातून आलं असणार, असं मला वाटतं.

जर्मनीतल्या मोठ्या कारखान्यालाही हेच घासणं चुकलं नाही. वेट्झलरच्या लाइट्झ कंपनीने १९२५ मध्ये लाइका हा छोटा कॅमेरा बाजारात आणला. त्याची लेन्स निघत नसे. १९३० मध्ये बदलता येणारी लेन्स आली, पण प्रत्येक लेन्स त्या त्या कॅमेऱ्याला जुळवून दिलेली असायची. माझ्या कॅमेऱ्याची लेन्स तुमच्या कॅमेऱ्यावर भरवशाने चालणार नाही. पुढच्या वर्षी कंपनीने अंतर पक्कं केलं: २८.८ मिलिमीटर. ज्या कॅमेऱ्यांवर हे पक्कं अंतर होतं त्यांच्या माउंटवर एक छोटं शून्य कोरलं जाऊ लागलं. माझ्या मते छायाचित्रणाच्या इतिहासातल्या मोठ्या शोधांमध्ये हे शून्य मोजायला हवं. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला इंटरफेस म्हणतो तो हाच: आत तुम्ही काहीही करा, जोडणीच्या जागी दिलेला शब्द पाळा.

लाइकाचा आटा ३९ मिलिमीटर व्यासाचा, पण पिच इंचात: इंचाला २६ आटे. जर्मन कॅमेऱ्याला इंग्रजी आटा कसा? लाइट्झ मुळात सूक्ष्मदर्शक बनवणारी कंपनी, आणि सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांचा आटा जगभर इंग्रजी प्रमाणाचा. त्या सवयीचा हा वारसा मानला जातो. हा तपशील लक्षात ठेवा, तो सातपूरला कामी येणार आहे.

लाइकाची नक्कल सगळ्यांत आधी आणि मोठ्या प्रमाणावर सोव्हिएत संघात झाली. खारकीव्हला बेघर मुलांच्या श्रम-वसाहतीत १९३४ पासून ‘फेद’ नावाचे कॅमेरे बनू लागले. फेद ही फेलिक्स एडमुंडोविच जेर्झिन्स्की या सोव्हिएत गुप्त पोलिसांच्या संस्थापकाची आद्याक्षरं. पुढे मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कला ‘झोर्की’ आला. काकांच्या खोक्यातली चौथी लेन्स ज्युपिटर-८, ५० मिलिमीटर, एफ/२, ३९ मिलिमीटरच्या आट्याची. झोर्की त्यांनी कधीच विकून टाकला होता. या ज्युपिटरची काच मुळात झाइसच्या ‘सोनार’ या आराखड्याची. युद्ध संपल्यावर जर्मनीतली यंत्रं, आराखडे, काच आणि माणसंही नुकसानभरपाई म्हणून पूर्वेला गेली. झाइसचा काँटॅक्स कॅमेरा ‘कीव्ह’ या नावाने युक्रेनमध्ये बनू लागला, सोनार ज्युपिटर झाली आणि बायोटार झाली हेलिओस.

मागे उरलेल्या ड्रेस्डेनमध्ये, फेब्रुवारी १९४५च्या बॉम्बहल्ल्यात शहर बेचिराख झाल्यावर, झाइस इकॉनच्या लोकांनी एक नवा कॅमेरा बनवला: १९४९चा काँटॅक्स एस. लेन्समधून येणारं चित्र आरशावरून वर, पंचकोनी प्रिझममधून डोळ्यात. आरसा उडायला जागा हवी, म्हणून अंतर वाढवावं लागलं: ४५.४६ मिलिमीटर. आणि माउंट नवा, ४२ मिलिमीटरचा साधा आटा. इंग्रजी मापाचं लचांड नाही, १ मिलिमीटर पिच, कुठल्याही लेथवर पाडता येईल असा. यालाच पुढे एम४२ म्हणू लागले.

हा आटा कोणी एकट्याने धरून ठेवला नाही. ड्रेस्डेनच्याच प्रॅक्टिकाने घेतला. जपानमध्ये असाहीने १९५७ मध्ये पेंटॅक्ससाठी घेतला, मग याशिका, चिनॉन, फुजिका, मामिया. सोव्हिएत झेनिटने सुरुवातीला ३९चा ठेवला, मग तेही ४२वर आले. निकॉनने १९५९ मध्ये आणि इतरांनीही आपापले बायोनेट काढले. पेंटॅक्सनेही १९७५ मध्ये काढला, पण तेव्हा जुन्या गिऱ्हाइकांसाठी अंतर तेच, ४५.४६, ठेवलं. मला या सभ्यपणाचं कौतुक वाटतं. कॅननने १९८७ मध्ये नवा माउंट काढून आपल्या आधीच्या एफडी लेन्स एका फटक्यात अनाथ केल्या होत्या.

आता नाशिक. १९५० च्या दशकात भारताकडचं परकीय चलन आटलं आणि चैनीच्या वस्तूंच्या आयातीवर कडक बंधनं आली. कॅमेरा चैनीतच मोडायचा. नोटा १९२८ पासून आमच्या नाशिक रोडला छापल्या जातात, पण त्या नोटांनी जपानचा निकॉन विकत मिळत नव्हता; त्याला डॉलर लागायचे. सोव्हिएत संघ आणि पूर्व युरोपातल्या देशांशी मात्र भारताने रुपयांत व्यवहार करण्याचे करार केले. आपण चहा, ताग, चामडं, तयार कपडे पाठवायचे, तिकडून यंत्रं, तेल, शस्त्रं यायची, आणि हिशेब रुपयांत. याच वाटेने मोठ्या यंत्रांच्या मागोमाग छोट्या वस्तूही आल्या: पुस्तकं, घड्याळं, झेनिट आणि प्रॅक्टिका कॅमेरे. आपल्याकडच्या मध्यमवर्गाचा लेन्स बदलता येणारा पहिला कॅमेरा बहुधा यांपैकी एक असायचा. घरोघरचा आग्फा क्लिक थ्री होताच, पण त्याची लेन्स निघत नाही.

नाशिकमध्ये ही वाट आणखी रुंद होती. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा ओझरचा कारखाना १९६४ मध्ये उभा राहिला तोच मिग-२१ विमानं सोव्हिएत परवान्याने बनवण्यासाठी. विमानासोबत रशियन तंत्रज्ञ आले, रशियन ड्रॉइंगं आली, ती वाचायला इथली पोरं रशियन अक्षरं शिकली. काका त्यांतलेच. लेन्सवरचं ‘Гелиос’ ते अजून झरझर वाचतात. ही अक्षरं मी इथे मुद्दाम तशीच ठेवली आहेत, कारण तुम्हाला जुन्या बाजारात ती तशीच दिसतील. उच्चार ‘गेलिओस’, म्हणजे हेलिओस. निर्यातीच्या मालावर रोमन अक्षरं असत, म्हणून सिरिलिक अक्षरांची लेन्स दिसली की ती दुकानातून नव्हे, कोणा माणसाच्या सामानातून आली असावी असा अंदाज बांधता येतो. काकांनी झेनिट-ई मुंबईहून विकत घेतला होता, पण ही हेलिओस तंत्रज्ञांपैकी एकाने जाताना दिली. सोव्हिएत लेन्सच्या क्रमांकाचे पहिले दोन अंक बहुधा सालाचे असतात. हिचे ७३ होते. ‘‘बरोबर,’’ काका म्हणाले, ‘‘तो चौऱ्याहत्तरला परत गेला.’’

तर ४२च्या आट्याच्या तिघी अशा. हेलिओस ४४-२, ५८ मिलिमीटर. एक पेंटाकॉन २९ मिलिमीटरची, पूर्व जर्मनीची. आणि १३५ मिलिमीटरची एक ज्युपिटर, बारशी-मुंजींमध्ये लांबून फोटो काढायला घेतलेली. या तिघींचं गणित एकच. सोनीच्या मिररलेसचं अंतर १८ मिलिमीटर. ४५.४६ उणे १८, म्हणजे २७.४६ मिलिमीटर उंचीची पोकळ नळी मध्ये घातली की काम झालं. अडॅप्टर म्हणजे एवढंच. आत काच नाही, तार नाही, चांगला असेल तर हजार-दीड हजारांत मिळतो. मिररलेस कॅमेऱ्यांनी २००८ पासून आरसा काढून टाकला, पोट सपाट झालं आणि मागच्या पाऊण शतकातल्या जवळपास सगळ्या लेन्सना पुन्हा जागा मिळाली. निकॉनचा नवा झेड माउंट १६ मिलिमीटर, कॅननचा आरएफ २०, फुजीचा १७.७. नळीची उंची तेवढी बदलायची.

आरशाचा जुना डिजिटल कॅमेरा असेल तर मात्र आधी वजाबाकी करा. कॅननच्या डीएसएलआरचं अंतर ४४, म्हणजे १.४६ मिलिमीटरची पातळ चकती पुरते. निकॉनच्या डीएसएलआरचं ४६.५. इथे लेन्स फिल्मपासून हवी त्यापेक्षा १.०४ मिलिमीटर लांबच राहते. एवढ्याने काय होतं? ५८ मिलिमीटरची हेलिओस मग सव्वातीन मीटरच्या पलीकडे फोकसच करत नाही. समोर बसलेल्या माणसाचा फोटो निघेल, डोंगराचा नाही. त्यावर उपाय म्हणून आत काच घातलेले अडॅप्टर विकतात. ते घेऊ नका. चांगल्या लेन्सच्या मागे स्वस्त काच लावण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

एक गोष्ट तपासून घ्यायची. एम४२च्या नंतरच्या लेन्सना मागे एक छोटी खिट्टी असते. ती आत दाबली गेल्याशिवाय छिद्र लहान होत नाही. अशा लेन्ससाठी आत कड असलेला अडॅप्टर लागतो. हेलिओस ४४-२ला खिट्टी नाही, दोन कडी आहेत: एकावर आकडा ठरवायचा, दुसऱ्याने हाताने बंद करायचं. जुनी आणि साधी, म्हणून सगळीकडे चालते. कॅमेऱ्यातही एक पर्याय चालू करावा लागतो, लेन्स नसतानाही शटर उडू देणारा. नाहीतर कॅमेऱ्याला वाटतं पुढे काहीच नाही, आणि तो हटून बसतो.

नळी आली त्या दिवशी आम्ही गच्चीवर गेलो. लांबचा डोंगर पाहायचा. फोकसचं कडं शेवटपर्यंत फिरवूनही डोंगर धूसर राहिला तर नळी जास्त उंच आहे. शेवटाच्या जरा आधीच स्वच्छ दिसून पुढे पुन्हा धूसर झाला तर जरा बुटकी. बाजारातल्या नळ्या बहुधा किंचित बुटक्या ठेवतात, कारण बुटकी चालते, उंच चालत नाही. आमची बुटकी निघाली. काकांनी पाचेक मिनिटं डोंगरावरचं एकच झाड आत-बाहेर केलं आणि मग कॅमेरा नातीकडे दिला.

पाचवी लेन्स लांबलचक ४०० मिलिमीटरची, कोणा बिननावाच्या जपानी कारखान्याची. तिचाही व्यास ४२. इथे पिच गेज नसता तर घात होता, कारण तिचं पिच ०.७५ मिलिमीटर आहे. हा टी-माउंट, टॅमरॉनने १९५७ मध्ये काढलेला, अंतर ५५ मिलिमीटर. एम४२च्या कड्यात तो एखादा फेरा गोड बोलून आत जातो आणि मग रुततो. जोर लावला की दोन्हींचे आटे गेले. लांब टेलिफोटो, हलकी, मागच्या कड्यावर बाजूने तीन बारीक स्क्रू, अशी लेन्स दिसली की पिच मोजेपर्यंत फिरवू नका.

३९चा आटा याहून फसवा. लाइकाच्या जातीची लेन्स (२८.८) आणि सुरुवातीच्या झेनिटची लेन्स (४५.२) या दोघींचा व्यास सारखा, आटे जवळपास सारखे, आणि अंतरात १६.४ मिलिमीटरचा फरक. लाइकाच्या जातीची ५० मिलिमीटरची लेन्स झेनिटला लावली तर वीसेक सेंटिमीटरवरचं फूल तेवढं स्वच्छ दिसेल. काकांची ज्युपिटर-८ लाइकाच्या जातीची. तिला सोनीवर १०.८ मिलिमीटरची नळी लागली.

सहावी लेन्सही ३९ची. काका म्हणाले, ‘‘ही बिघडलेली आहे, टाक.’’ छोटीशी, काळी, छिद्राचं कडं फिरतं पण फोकसचं कडंच नाही. नाव वेगा-११, पुढे ‘У’ हे अक्षर. रशियनमध्ये ‘ऊ’. एन्लार्जरला रशियनमध्ये ‘उवेलिचितेल’ म्हणतात, त्याचा तो ऊ. लेन्स अजिबात बिघडलेली नव्हती. ती कॅमेऱ्याची नव्हतीच. निगेटिव्हवरून कागदावर मोठा फोटो पाडणाऱ्या एन्लार्जरची ती लेन्स. तिथे फोकस एन्लार्जरचा भाता करतो, म्हणून हिला कडं नाही. माझं बोलणं ऐकून काका जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ओझरच्या क्वार्टरमध्ये मोरीला काळा कागद लावून ते आणि काकू रात्री प्रिंट काढायचे. सूटकेसमध्ये मावणारा एन्लार्जर होता. एन्लार्जर गेला, लेन्स खोक्यात राहिली.

‘‘आणि निगेटिव्ह?’’ मी विचारलं.

त्या होत्या. पत्र्याच्या डब्यात, कागदी पाकिटांत, पाकिटांवर काकूंच्या अक्षरात महिना आणि साल.

एन्लार्जरची लेन्स जवळच्या सपाट वस्तूसाठीच बनवलेली असते. ३५ मिलिमीटरची निगेटिव्ह डिजिटल कॅमेऱ्याने टिपायला तिच्यासारखी दुसरी नाही. गणित सोपं: निगेटिव्हची चौकट ३६ मिलिमीटर रुंद, नातीच्या कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण २३.५, म्हणजे प्रतिमा ०.६५ पट. ५० मिलिमीटरच्या लेन्ससाठी मग सेन्सर साधारण ८२ मिलिमीटर मागे आणि निगेटिव्ह १२७ मिलिमीटर पुढे. माझ्याकडे जुना भाता आहे, पण तो ४२च्या आट्याचा. मध्ये ३९ ते ४२ असं कडं हवं होतं. असं कडं ऑनलाइन मिळतं; मागवलेलं आलं ते १ मिलिमीटर पिचचं, आणि वेगा त्यात दीड फेऱ्यानंतर घट्ट होऊन तिरकी बसू लागली. ४२च्या सवयीने पाडलेला आटा.

सातपूरला एका टर्नरकडे गेलो. औद्योगिक वसाहतीतली शटरवाली खोली, दोन लेथ, भिंतीवर गेअरचं कोष्टक. त्याने वेगा हातात घेतली, पिच गेजची दोन पाती लावून पाहिली आणि म्हणाला, ‘‘हे मेट्रिक नाही. इंचाला सव्वीस.’’ मग भिंग लावून बघत म्हणाला, ‘‘आणि कोन पण पंचावन्नचा. व्हिटवर्थ. हे इंग्रजांचं काम आहे का?’’ मी म्हटलं, रशियनांचं, जर्मनांकडून घेतलेलं, त्यांनी इंग्रजांकडून घेतलेलं. तो हसला. मेट्रिक आट्याचा कोन ६० अंशांचा, व्हिटवर्थचा ५५. त्याने त्यासाठी टूल वेगळं घासलं, गेअर बदलले आणि पितळेच्या तुकड्यातून कडं काढलं. आत इंचाला २६, बाहेर १ मिलिमीटर. दोनदा लावून पाहिलं, एकदा पुन्हा कापलं. तिसऱ्यांदा वेगा आत गेली ती शेवटपर्यंत, कुठेही न अडता.

नातीला दिवाळीची सुट्टी होती. तिने मोबाइलवर पांढरा पडदा लावून त्यावर दुधी ॲक्रिलिकचा तुकडा आणि वर निगेटिव्ह अशी मांडणी केली. पाकिटावर जानेवारी ७५. पहिल्या चौकटीत क्वार्टरच्या पायऱ्या, दुसऱ्या चौकटीत त्याच पायऱ्या जरा हललेल्या. तिसऱ्या चौकटीत काकू, हातात झेनिट. म्हणजे हा फोटो दुसऱ्या कुठल्यातरी कॅमेऱ्याने काढलेला. ‘‘झोर्की,’’ काका म्हणाले. ‘‘मी काढला. ती माझा काढत होती.’’

चौथी चौकट तिच्या बाजूची असणार नाही, ती झेनिटच्या रोलमध्ये असेल. तो रोल शोधतो आहोत. डब्यात अजून एकोणतीस पाकिटं आहेत.